दोन हरमनप्रीत

पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं ब्राँझपदक मिळवणाऱ्या पुरुष संघाचा कप्तान हरमनप्रीत सिंग. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषक उंचावणारी कप्तान हरमनप्रीत कौर. तो अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवालचा, ती मोग्याची. त्या रात्री आमच्याकडे टीव्हीसमोर निम्मी बिल्डिंग जमली होती. फटाके, आरडाओरडा, कुणीतरी आणलेले पेढे, सगळं ओसरल्यावर मावशीने विचारलं, "हॉकीतला तोही हरमनप्रीतच ना गं? मग हे नाव नक्की मुलाचं की मुलीचं?"

"मुलाचंच असणार," काकांनी निकाल दिला. "पंजाबात मुलींना मुलांची नावं ठेवतात."

मी नांदेडला वाढले. आमच्या वर्गात एक बलविंदर मुलांच्या रांगेत होता आणि एक मुलींच्या. हजेरी घेताना बाई शेवटचा शब्द ठासून उच्चारायच्या, 'सिंग' किंवा 'कौर', की ज्याचा-तिचा हात वर व्हायचा. आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे. नवल वाटायला पुण्यात यावं लागलं. इथे नाव ऐकलं की पुढचे दोन प्रश्न, आडनाव काय आणि मूळ गाव कुठलं. तिसरा प्रश्न सभ्य माणसं तोंडाने विचारत नाहीत, पहिल्या दोन उत्तरांवरून मनात सोडवून घेतात. शीख नावांबद्दल मला कुतूहल आहे ते यासाठी, की हा तिसरा प्रश्न सुटूच नये अशा बेताने ती एके काळी रचली गेली. बेत किती साधला, ही वेगळी गोष्ट.

आधी हरमनप्रीतचं बघू. यातला 'हर' म्हणजे महादेव नव्हे. गुरबाणीत, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथातल्या रचनांत, 'हरि' असं लिहितात आणि शेवटची वेलांटी उच्चारत नाहीत, म्हणून बोलताना तो 'हर' होतो. अमृतसरचं हरमंदिर म्हणजे हरिमंदिर, सहावे गुरू हरगोबिंद म्हणजे हरिगोविंद. हरी, मन आणि प्रीत. मनात हरीची प्रीत असलेला किंवा असलेली. 'ला' की 'ली', याचा नावात कुठेही पत्ता नाही, कारण हरीवर प्रीत करायला बाई असावं लागत नाही की पुरुष.

बहुतेक शीख नावं अशी दोन-तीन शब्द जोडून होतात. पुढे लावायला गुर, हर, सत, सुख, मन, जस, बल, कुल, जग, रण. मागे लावायला प्रीत, जीत, दीप, जोत, मीत, पाल, बीर, वंत, लीन, इंदर. यातला कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाला लावा, नाव तयार. अर्थ कधी थोडा ताणावा लागतो, पण लागतो. गुरदीप म्हणजे गुरूचा दिवा, हे सरळ आहे. दलजीत म्हणजे शत्रूचं दल जिंकणारा, आणि या नावाच्या बायका पंजाबात गावोगावी भेटतात. मनजीत आणि जगजीत ही तर भावंडंच. गुरू नानकांच्या जपुजी या रचनेत ओळ आहे, 'मनि जीतै जगु जीतु'. मन जिंकलं की जग जिंकलं. एका ओळीतून दोन नावं निघाली आणि दोन्ही इतकी चालली, की त्यांना ओळ आठवायची गरज उरली नाही.

मराठी माणसाला या नावांत आपली ओळखीची माणसं भेटतात, फक्त वेष बदललेली. जसवंत म्हणजे आपला यशवंत. संस्कृतातला सुरुवातीचा 'य' खाली उतरता उतरता 'ज' झाला, जसा योगीचा जोगी आणि यमुनेची जमुना. 'व'चा 'ब' झाला. म्हणून यशपाल तो जसपाल, यशवीर तो जसबीर, बलवीर तो बलबीर. या बलबीरांनी हॉकीत इतकी गर्दी केली, की १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या बलबीरसिंगांना पुढे कायमचं 'सीनिअर' लावावं लागलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेलेल्या संघात तर एकदम तीन बलबीर होते. समालोचकाचे काय हाल झाले असतील कोण जाणे.

'जस'चा अर्थ मात्र आपल्या 'यश'वर थांबत नाही. गुरबाणीत जस गाणं म्हणजे हरीची स्तुती गाणं. तेव्हा जसप्रीत म्हणजे यशाची हाव असलेला नव्हे, स्तुतिगायनाची ओढ असलेला. जसप्रीत बुमराहच्या विकेटा बघता दोन्ही अर्थ चालून जातील.

'इंदर'ची गंमत आणखी वेगळी. सुरिंदर, नरिंदर, राजिंदर हे आपले सुरेंद्र, नरेंद्र, राजेंद्र. जोडाक्षर जिभेवर ठेवायचं नाही, मध्ये एक स्वर सरकवायचा, हा पंजाबी उच्चाराचा स्वभाव. त्याचा धर्माशी संबंध नाही. मोहिंदर अमरनाथ हिंदू, पण नाव पंजाबी वळणाचं. शीख धर्मात इंद्राची पूजा नाही. जपुजीत तो येतो तो परमेश्वराच्या दारी इतर देवांबरोबर स्तुती गाणारा म्हणून. तरीही गुरिंदर, हरिंदर, सतिंदर, परमिंदर ही नावं घरोघर आहेत. तिथे इंदर म्हणजे नुसतं 'श्रेष्ठ', आपल्याकडे 'नरेंद्र' म्हणताना कुणाला स्वर्गातला इंद्र आठवत नाही तसं.

ही जोडनावं प्राचीन असतील असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण इतिहासातले नामांकित शीख सरदार डोळ्यांसमोर आणा. जस्सासिंग, कपूरसिंग, बघेलसिंग, फूलासिंग, हरिसिंग, शामसिंग. यांत प्रीत नाही, दीप नाही, लीन तर नाहीच. भक्तिभावाने ओथंबलेल्या या नावांची लाट पुष्कळ अलीकडची. त्याआधी पंजाबातली साधी माणसं नावं ठेवत ती आपल्या खेड्यातल्यासारखीच. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मरणही तुच्छ समजून पुढे जाईल. तिकडे घसीटा म्हणजे फरपटलेला, रुलदा म्हणजे मातीत लोळणारा. नाक टोचलेला नथू दोन्हीकडे. पुढे या नावांना 'सिंग' लागलं आणि घसीटासिंग, रुलदासिंग असे जोड तयार झाले. एका हाताने बाळाला उकिरड्यावर टाकायचं आणि दुसऱ्या हाताने सिंह करायचं. मला ही नावं फार आवडतात. हरमनप्रीतमध्ये जी तयारीची भक्ती आहे, त्यापेक्षा घसीटासिंगमध्ये आईची धडधड जास्त ऐकू येते. असली नावं आता आजोबांच्या पिढीबरोबर चालली, तशी आपल्याकडचीही.

फौजेने दिलेली नावं वेगळीच. जरनैलसिंग, करनैलसिंग, कप्तानसिंग, मेजरसिंग. महाराजा रणजितसिंगांनी १८२२ च्या सुमारास फ्रेंच आणि इटालियन अधिकारी नोकरीला ठेवून फौज युरोपी पद्धतीने बांधली, तेव्हापासून 'जरनैल' हा शब्द पंजाबच्या तोंडी बसला. पुढे इंग्रजांच्या फौजेत शिखांची भरती जोरात झाली. त्या काळी हिंदी शिपाई फार फार तर सुभेदार मेजरपर्यंत चढायचा. जरनैल होणं त्याच्या नशिबात नव्हतं. ते त्याने पोराच्या नावात घालून टाकलं. आपल्याकडे फौजेचे आणि कारभाराचे हुद्दे आडनावांत गेले, सुभेदार, हवालदार, फडणीस, चिटणीस. म्हणजे आपण पूर्वजांनी मिळवलेलं वतन मिरवलं, आणि त्यांनी पोराने पुढे मिळवावं ते आधीच लिहून ठेवलं. एवढ्यावरून दोन समाजांबद्दल सिद्धान्त मांडू नये, पण मोह होतो खरा.

भारताचे राष्ट्रपती झालेले ग्यानी झैलसिंग मूळचे जरनैलसिंग. फरीदकोट संस्थानाविरुद्धच्या चळवळीत तुरुंगवास भोगला आणि त्या जेलचंच नाव त्यांनी स्वतःला लावून घेतलं, असं सांगतात. जरनैल सोडून जेल पत्करणारा माणूस. खुशवंतसिंगांचं घरातलं मूळ नाव खुशाल. त्यावरून शाळेत चिडवायला लागले तेव्हा थोरल्या भावाच्या 'भगवंत'शी यमक जुळवून त्यांनी स्वतःच 'खुशवंत' बनवलं. फारसी 'खुश'ला संस्कृत 'वंत'. व्याकरणात बसत नाही, माणसाला मात्र चपखल बसलं.

अशी सरमिसळ शीख नावांत फार जुनी आहे. गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांची नावं घ्या. अजितसिंग, जुझारसिंग, जोरावरसिंग, फतेहसिंग. अजित संस्कृत. जुझार म्हणजे आपला झुंजार. जोरावर फारसी, फतेह अरबी. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदच्या मोगल सुभेदाराने भिंतीत चिणलं. ज्यांच्याशी जन्मभर झुंज घेतली त्यांच्या दरबारी भाषेतली नावं पोटच्या मुलांना ठेवताना गुरूंना अडखळायला झालं नाही. आपल्याला यात अपूर्वाई वाटायला नको. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली होती. दौलतराव, हैबतराव, बाजीराव ही सगळी त्याच वळणाची नावं. भाषा वेगळ्या काढून ठेवायचं वेड मागाहून आलं. आजच्या अमनजोतमध्येही अरबी अमन आणि आपली ज्योत आहे. अर्शदीपमधला अर्श अरबी, सर्वांत वरचं आकाश.

आता नाव ठेवतात कसं ते सांगते, कारण मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते.

आपल्याकडे बाळाच्या जन्मवेळेवरून नक्षत्र आणि चरण काढतात आणि त्यावरून अक्षर येतं. अश्विनीला चू, चे, चो, ला. आर्द्रा निघालं तर पंचांगात कु, घ, ङ, छ लिहिलेलं असतं, आणि 'ङ' वरून नाव शोधणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. तो गुपचूप पुढच्या अक्षरावर जातो. मग बारसं. पाळण्याखालून वरून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या', आणि आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं.

शीख घरात आई हिंडूफिरू लागली की बाळाला घेऊन सगळे गुरुद्वाऱ्यात जातात. दिवसाचा मुहूर्त नाही, पत्रिका नाही. कडाह प्रसाद, म्हणजे तुपातला शिरा, चढवतात. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारा, गुरू ग्रंथसाहिब उघडतो. १४३० पानांचा ग्रंथ. पानांना ते पान म्हणत नाहीत, 'अंग' म्हणतात. जिथे उघडेल तिथे, डाव्या पानाच्या माथ्यावरचा शबद, म्हणजे पद, तो वाचतो. तोच त्या वेळचा हुकूम. शबदाचं पहिलं अक्षर ते बाळाच्या नावाचं अक्षर. त्या अक्षरावरून नाव सुचवलं जातं, जमलेली संगत त्याला संमती देते आणि 'बोले सो निहाल'चा जयकारा होतो. मुलगा असेल तर पुढे सिंग, मुलगी असेल तर कौर. १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे.

नांदेडला मी एका शेजारच्या बाळाच्या नामकरणाला बसले होते. पान उघडताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते निकालाच्या दिवसासारखं नव्हतं. काही वाईट निघूच शकत नाही, असं ठाऊक असलेल्या माणसांची ती उत्सुकता होती. पंचांग ग्रहांना विचारतं, आणि ग्रह कधी वक्री असतात, कधी वाकडे बघतात. ग्रंथाला वाकडं बघता येत नाही. कुठलंही पान उघडा, समोर नानक असतील, कबीर असतील, शेख फरीद असतील. आमचे नामदेवसुद्धा असतील, त्यांचे ६१ शबद त्यात आहेत. एखाद्या पंजाबी बाळाच्या नावाचं अक्षर नरसी नामदेवच्या शिंप्याच्या ओळीतून निघत असेल, या विचाराने मला तिथे बसल्या बसल्या उगाच अभिमान वाटला.

आता बेताकडे येते. गुरू नानकांचं वचन आहे, 'जाणहु जोति न पूछहु जाती'. आतली ज्योत ओळखा, जात विचारू नका. पण वचनं आपल्याकडेही कमी नव्हती. गुरू गोविंदसिंगांनी ते वचन नावातच बसवून टाकलं. १६९९ ची बैसाखी, आनंदपूर. परंपरा सांगते की गुरूंनी भर सभेत शीर मागितलं तेव्हा एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापूरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिंमतराय, द्वारकेचा छिंबा, म्हणजे कपडे रंगवणारा-शिवणारा, मोहकमचंद आणि बिदरचा न्हावी साहिबचंद. राम, दास, राय, चंद. ही शेपटंही माणसाची पायरी सांगत असतात. पाचांनी एका वाडग्यातून दीक्षेचं अमृत घेतलं आणि शेपटं गळाली. दयासिंग, धरमसिंग, हिंमतसिंग, मोहकमसिंग, साहिबसिंग. मग गुरूंनी त्याच पाचांकडून स्वतः अमृत घेतलं आणि गोविंदराय गोविंदसिंग झाले. यात बिदर मला जवळचं. आमच्या देगलूरकडच्या माणसाला ते शेजारचं गाव. तिथला न्हावी, आणि राजपूत राजांनी पिढ्यान्‌पिढ्या मिरवलेलं 'सिंह' हे बिरुद. ते बिरुद वरच्यांकडून काढून घेतलं नाही, सगळ्यांना वाटून टाकलं, ही त्यातली अक्कल.

नाव बदलून माणूस नवा करण्याची रीत गुरूंच्या परंपरेत त्याआधीपासून होती. लहणा नावाच्या शिष्याला नानकांनी आपलं अंग मानून अंगद केलं आणि गादी दिली. चौथे गुरू रामदास घरी जेठा होते, म्हणजे आपला ज्येष्ठ, नुसता थोरला मुलगा. नववे गुरू त्यागमल होते. वडिलांबरोबर कर्तारपूरच्या लढाईत तलवार गाजवली तेव्हा तेगबहादूर झाले. आणि आमच्या नांदेडात, गोदावरीच्या काठी, १७०८ साली माधोदास नावाच्या बैराग्याच्या मठात गुरू गोविंदसिंग येऊन बसले. तू कोण, असं विचारल्यावर बैरागी म्हणाला, मी आपला बंदा. झालं, तेच नाव. राजौरीचा लछमनदेव, नांदेडचा माधोदास, आणि पंजाबात मोगलांच्या तोंडचं पाणी पळवणारा बंदासिंग बहादूर. बंदा घाटावरून जाताना मला दर वेळी वाटतं, तिन्ही नावांचा माणूस एकच होता का?

बेत साधला का? नांदेडला एका कॉलेजच्या कचेरीत मी काही वर्षं प्रवेशअर्ज तपासत असे. महाराष्ट्रातला अर्ज म्हणजे तीन चौकटी, आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. पंजाबातून आलेल्या, गुरुद्वाऱ्यातल्या सेवादाराचा मुलगा खिडकीशी उभा. आडनावाच्या चौकटीत काय लिहू? सिंग लिहिलं तर अर्धा गठ्ठा 'सिंग' नावाखाली जातो आणि यादी लावणारा कपाळाला हात लावतो. रिकामं ठेवलं तर संगणक पुढे सरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडला राहिलेल्या दखनी शिखांनी यातून आपला मार्ग काढलेला होता. स्वतःच्या नावाला सिंग जोडलेलं, वडिलांच्या नावालाही सिंग जोडलेलं आणि शेवटी आडनाव. पक्कं मराठी त्रिस्थळी नाव, दोनदा सिंह बसवलेलं. ती मुलं आमच्याशी मराठीत भांडायची आणि घरी दखनी वळणाचं बोलायची, त्यांना ते नाव शोभायचंही.

पंजाबातही आडनाव मागच्या दाराने परत आलंच. गिल, संधू, सिद्धू, ढिल्लों म्हटलं की जाट कळतो, बेदी-सोढी म्हटलं की खत्री कळतो आणि वर गुरूंचं कुळही कळतं. नानक बेदी होते, रामदासांपासून पुढचे सगळे गुरू सोढी. ज्यांना गोत्र लावायचं नव्हतं त्यांतल्या पुढाऱ्यांनी गाव लावलं. प्रतापसिंग कैरों, प्रकाशसिंग बादल, गुरचरणसिंग तोहरा, हरचंदसिंग लोंगोवाल, सुरजितसिंग बर्नाला. ही सगळी गावांची नावं. आपल्या 'कर'सारखीच सोय, फक्त 'कर' न लावता. आणि जे नुसत्या सिंगवर राहिले त्यांना परदेशाने छळलं. दिल्लीतल्या कॅनडाच्या उच्चायुक्तालयातून स्थलांतराचा अर्ज करणाऱ्यांना कळवलं जाई, की सिंग आणि कौर ही आडनावं फार जणांची आहेत, दुसरं काहीतरी लावा. तिथल्या शीख संघटनेने आवाज उठवल्यावर २००७ मध्ये हा प्रकार थांबला. सगळ्यांचं नाव एक असावं यासाठी जे केलं, तेच अर्ज अडण्याचं कारण झालं.

कौरची कहाणी जरा नाजूक आहे. शाळेत आणि समाजमाध्यमांवर सरसकट सांगतात, की १६९९ ला पुरुषांना सिंग आणि बायकांना कौर मिळालं, कौर म्हणजे सिंहीण. सिंहीण तर नक्की नव्हे. हा शब्द कुंवर, कुमार या घरातला. राजस्थानात कंवर, आपल्याकडे खानदेशात कुवर आडनाव. राजकन्या म्हणा हवं तर. आणि १६९९ पासून सगळ्या शीख बायका कौर लावत होत्या असंही जुन्या नोंदींतून दिसत नाही. सदा कौर, दातार कौर, जिंद कौर अशा राण्या-सरदारणी होत्या, पण साध्या घरातल्या बाईच्या नावापुढे कौर पक्कं बसलं ते १८७३ ला सुरू झालेल्या सिंग सभेच्या धर्मसुधारणेच्या चळवळीनंतर. कुणाला यामुळे कौरचं मोल कमी झाल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. पिढ्या घालवून, ठरवून, बायकांच्या नावात ही गोष्ट आणली गेली, आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव न घेता बाईचं नाव पूर्ण व्हायची सोय झाली. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात. माझ्या आईचं माहेरचं नाव मला दहावीनंतर कळलं, तेही मामाकडच्या जुन्या पत्रावरून. कौर सासरी गेली तरी कौर. अर्थात तिकडेही आता कौरच्या पुढे नवऱ्याचं गिल किंवा संधू येऊन बसतं, पण ते पुढे बसतं, कौरला उठवून नव्हे.

एका माणसाने सिंग या शब्दाचं जे केलं ते मात्र कुणाच्याच बेतात नव्हतं. पाळण्यातलं नाव शेरसिंग, अमृतसरच्या अनाथाश्रमात झाला उधमसिंग. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्याने जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओड्वायरला गोळ्या घातल्या आणि पोलिसांना नाव सांगितलं, मोहम्मद सिंग आझाद. फाशीच्या वाटेवरचा माणूस आपलं नाव नव्याने जुळवतो, आणि त्यात सिंग शेवटी ठेवत नाही, मधोमध ठेवतो.

सध्या पंजाबी घरांत जोडनावं मागे पडताहेत. अनहद, निहाल, मेहताब, कीरत, फतेह अशी सुटी, आखूड नावं चालतात. इंदर लावलं तर मुलं 'हे काय आजोबांचं नाव' म्हणतात. नांदेडच्या आमच्या त्याच शेजाऱ्यांची नात पुण्यात झाली. नामकरण झालं तेव्हा हुकूम निघाला 'ठाकुर तुम सरणाई आइआ'. अक्षर ठ. आईला हवं होतं अनाया. आजीने ठणकावलं, हुकूम म्हणजे हुकूम. मोबाइलवर ठ वरून मुलींची नावं शोधली तर कुणाला पसंत पडेल असं एकही सापडेना. शेवटी आजीनेच जुना कारखाना सुरू केला, ठाकुरप्रीत, ठाकुरजोत, ठाकुरलीन, कुठलंही घ्या. ठाकुर म्हणजे स्वामी, परमेश्वर. ठाकुरजोतवर जवळजवळ एकमत झालं होतं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू बाळंतविडा घेऊन आल्या, नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "छान! म्हणजे ठाकूर का तुम्ही? कुठले, यूपीचे की आपल्या अलिबागकडचे?" आजीने सुनेकडे बघितलं, सुनेने आजीकडे. नावाची चर्चा अजून चालू आहे. तोवर घरात ती गुड्डी आहे.